कोणत्या इंग्रजासारखे इंग्रजी?



आपल्या बेळगावात अलीकडे गल्लोगल्ली एक पाटी दिसते. अमुक महिन्यांत इंग्रजी बोला, तेही अस्सल इंग्रजांसारखे. दवाखान्यात आलेले पालकही औषधाची पुडी हातात घेता घेता हा विषय काढतात. मुलगी वर्गात पहिली येते, व्याकरण चोख आहे, पण 'ॲक्सेंट' नाही हो डॉक्टर, असे ते सांगतात, आणि तेव्हा त्यांचा चेहरा मुलीत काही व्यंग असल्यासारखा होतो. मला त्यांना विचारावेसे वाटते, कोणत्या इंग्रजासारखे बोलायला हवे तुम्हाला? लंडनच्या, लिव्हरपूलच्या, ग्लासगोच्या, डब्लिनच्या, शिकागोच्या की ऑकलंडच्या? इंग्रजी ही सगळ्यांचीच मातृभाषा, पण यांतले दोघे कधी कधी एकमेकांनाही 'पुन्हा सांगा' म्हणतात.

मी भाषाशास्त्राचा प्राध्यापक नाही. बी.एच.एम.एस. होऊन दवाखाना चालवणारा माणूस आहे. पण होमिओपॅथीत रुग्णाचे म्हणणे त्याच्याच शब्दांत उतरवून घ्यायची रीत आहे. मराठी, कन्नड आणि कोंकणी अशा तीन भाषांत रोज ऐकता ऐकता कान तयार होतो. एकजण 'दुखतंय' म्हणतो, दुसरा 'दुखायलंय' म्हणतो, आणि नाव लिहून घेण्याआधीच तो कुठल्या बाजूचा याचा अंदाज येतो. आमच्या जैन घरांत तर चूल मराठी आणि मळा कन्नड, अशी वाटणी अजूनही सापडते. हा कानाचा नाद पुढे मला इंग्रजीपर्यंत घेऊन गेला.

'ॲक्सेंट'ला मराठीत हेल, लहेजा, ढब असे शब्द आहेत. मी आज 'ढब' वापरतो. ढब म्हणजे शब्द आणि व्याकरण तेच, पण स्वर-व्यंजने आणि आघात यांची तऱ्हा वेगळी. पहिली गोष्ट ही की ढब नसलेला माणूस जगात नाही. 'याच्या बोलण्याला ढब नाही' याचा खरा अर्थ 'याची आणि माझी ढब एकच आहे' एवढाच असतो.

सुरुवात इंग्लंडपासूनच करू. हा देश आकाराने महाराष्ट्राच्या निम्म्याहून लहान. लिव्हरपूल ते मँचेस्टर हे अंतर बेळगाव ते निपाणीपेक्षाही कमी आहे, पण दोन्ही शहरांची ढब इतकी निराळी की तिथले पोर दोन वाक्यांत ओळखते. दर बारा कोसांवर भाषा बदलते ही आपली म्हण तिथे शब्दशः खरी आहे. उत्तर इंग्लंडमध्ये 'कप' आणि 'पुट' यांतला स्वर एकच, म्हणजे कप हा 'कुप'कडे झुकतो. दक्षिणेत सतराव्या शतकाच्या सुमारास हा स्वर फुटून दोन झाला. उत्तरेने तो फुटू दिला नाही. 'बाथ' या शब्दात दक्षिणेत लांब आ, उत्तरेत आखूड ॲ. यात जुना उच्चार उत्तरेचा आणि नवा दक्षिणेचा, पण 'गावंढळ' ठरला तो उत्तरेचा. लिव्हरपूलच्या ढबीत १८४५ नंतरच्या दुष्काळात आयर्लंडहून बंदरावर उतरलेल्या हजारो कुटुंबांचा वाटा मोठा आहे.

पण इंग्रजीच्या ढबींचा खरा इतिहास मला एका अक्षरात सापडतो. ते अक्षर म्हणजे र.

शेक्सपिअरच्या काळात इंग्लंडमध्ये 'कार्ड', 'फार्म', 'फोर्थ' या शब्दांतला र सर्रास उच्चारला जात होता. पुढे लंडन आणि आसपासच्या भागात स्वरानंतरचा र मऊ होत होत विरून गेला. जॉन वॉकर या कोशकाराने १७९१ च्या आपल्या उच्चारकोशात लंडनच्या या मऊ र ची नोंद केली आहे. आज लंडनचा सुशिक्षित माणूस 'फार्म'ला 'फाम' म्हणतो. पण नैर्ऋत्य इंग्लंडच्या शेतकऱ्याने र सोडला नाही, स्कॉटलंडने सोडला नाही, आयर्लंडनेही नाही. म्हणजे ज्याला आपण 'शुद्ध' समजतो तोच या बाबतीत सर्वांत बदललेला, आणि ज्याला तो हसतो त्याच्या तोंडी जुने रूप.

हा र जहाजांतून अमेरिकेत गेला. पहिली टिकाऊ इंग्रज वसाहत १६०७ मधली. तेव्हा र शाबूत होता, म्हणून अमेरिकेच्या बहुतेक भागात तो शाबूत राहिला. पण बोस्टन, न्यूयॉर्क आणि दक्षिणेची किनारपट्टी यांचे लंडनशी व्यापाराचे आणि मानाचे नाते होते. तिथल्या वरच्या वर्गाने लंडनची नक्कल करत र टाकला. अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांची भाषणे ऐका, र शोधूनही सापडत नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर लंडनचा दरारा ओसरला आणि वारे फिरले. त्याच न्यूयॉर्कमध्ये र न उच्चारणे हे कमी शिक्षणाचे लक्षण ठरू लागले. अक्षर तेच आणि देशही तोच, पण पन्नास वर्षांच्या आत त्याची प्रतिष्ठा उलटी झाली.

ही गोष्ट विल्यम लबॉव्ह या भाषाशास्त्रज्ञाने १९६२ मध्ये फार गमतीदार रीतीने मोजली. न्यूयॉर्कमधली तीन मोठी दुकाने त्याने निवडली. एक श्रीमंतांचे, एक मध्यमवर्गाचे, एक स्वस्तातले. चौथ्या मजल्यावर कोणती वस्तू मिळते हे तो आधी बघून ठेवी आणि विक्रेत्यांना विचारी, ही वस्तू कुठे मिळेल? उत्तर अर्थात 'फोर्थ फ्लोअर'. म्हणजे एका उत्तरात र ची दोन ठिकाणे. मग ऐकू न आल्यासारखे करून तो पुन्हा विचारी आणि जरा जपून दिलेले दुसरे उत्तर पदरात पाडून घेई. कोपऱ्यात जाऊन टिपण करी. अशी २६४ माणसे त्याने ऐकली. श्रीमंत दुकानात १०० पैकी ६२ जणांनी र कमी-अधिक उच्चारला, मधल्या दुकानात ५१ जणांनी आणि स्वस्त दुकानात फक्त २० जणांनी. विशेष म्हणजे दुसऱ्यांदा उत्तर देताना मधल्या दुकानातल्यांचा र चांगलाच वाढला. विक्रेत्यांचे पगार काही गिऱ्हाइकांइतके नव्हते, पण ज्यांच्यात वावरायचे त्यांची ढब तोंडात येते, आणि मधल्या पायरीवरचा माणूस वरच्या पायरीकडे सर्वांत जास्त डोळे लावून असतो. आपल्याकडच्या पालकांची तगमग मला या दुकानात दिसते.

आता त्या 'अस्सल' ढबीविषयी, जिचे वर्ग आपल्याकडे निघतात. भाषाशास्त्रात तिला 'रिसीव्ह्ड प्रोनन्सिएशन' म्हणतात, मान्यताप्राप्त उच्चार म्हणा हवे तर. ही कुठल्याही गावाची ढब नाही. ती एका वर्गाची ढब आहे. इंग्लंडमध्ये 'पब्लिक स्कूल' म्हणवल्या जाणाऱ्या, प्रत्यक्षात खासगी आणि महागड्या निवासी शाळांत एकोणिसाव्या शतकात देशभरची श्रीमंत मुले एकत्र वाढली, आणि आपापल्या गावची ढब तिथे पुसून आली. डॅनिअल जोन्स या उच्चारतज्ज्ञाने १९१७ च्या आपल्या कोशात तिला सरळ 'पब्लिक स्कूल उच्चार' म्हटले होते. पुढे १९२६ मध्ये हे नाव बदलले. त्याच वर्षी बी.बी.सी.ने निवेदकांच्या उच्चारांसाठी एक सल्लागार समिती नेमली. राजकवी रॉबर्ट ब्रिजेस तिचे अध्यक्ष होते, नंतर जॉर्ज बर्नार्ड शॉ. आकाशवाणीसारखे ते सरकारी थाटाचे माध्यम, त्यामुळे साम्राज्यभर हीच ढब म्हणजे इंग्रजी असा समज पक्का झाला. प्रत्यक्षात ती बोलणारे ब्रिटनमध्ये सुमारे तीन टक्के, असा पीटर ट्रडगिल यांचा १९७० च्या दशकातला अंदाज आहे. दुसऱ्या महायुद्धात यॉर्कशरच्या विल्फ्रेड पिकल्स यांना बी.बी.सी.वर बातम्या द्यायला बसवले. शेवटी ते 'गुड नाइट'ऐवजी आपल्याकडचे 'गुड नीट' म्हणत. यावर तक्रारी झाल्या. मातृभाषा इंग्रजी असलेल्या माणसाने स्वतःच्या देशात बातम्या दिल्याची तक्रार!

शॉ साहेबांनी समितीवर बसण्याआधीच, १९१३ मध्ये, 'पिग्मॅलियन' नाटकातून या सगळ्याची खिल्ली उडवली होती. फुले विकणाऱ्या मुलीची ढब बदलली की ती सरदारीण म्हणून खपते, एवढीच त्यातली कळ. पु. ल. देशपांडे यांनी १९७५ मध्ये त्याची 'ती फुलराणी' केली, आणि मराठी प्रेक्षकाला एकही गोष्ट परकी वाटली नाही. पुण्यात शिकायला गेलेल्या आमच्या सीमाभागातल्या मुलांना ती का वाटली नाही, हे वेगळे सांगायला नको.

आणि खुद्द राणी? जोनाथन हॅरिंग्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एलिझाबेथ राणीची नाताळची भाषणे, १९५० च्या दशकातली आणि १९८० च्या दशकातली, यंत्रावर मोजून ताडून पाहिली. हा निबंध २००० मध्ये 'नेचर'मध्ये आला. राणीचे स्वर तीस वर्षांत सरकले होते, आणि सरकले ते तिच्या तरुण, सामान्य प्रजेच्या ढबीच्या दिशेने. ज्या गादीकडे बघून प्रजा बोलायला शिकते म्हणतात, ती गादीच प्रजेचे ऐकत होती.

ढब जन्मते कशी, हे बघायचे तर न्यूझीलंडला जावे लागते. कारण भाषा जन्मताना तिथे कुणीतरी ध्वनिमुद्रण करून ठेवले आहे. १८४० नंतर इंग्लंड, स्कॉटलंड, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया अशा सगळीकडून माणसे तिथे वसायला आली. १९४६ ते १९४८ या काळात तिथल्या नभोवाणीची एक ध्वनिमुद्रण गाडी गावोगाव फिरली आणि म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी तबकड्यांवर उतरवून घेतल्या. त्यांतली काही माणसे १८५० च्या दशकात जन्मलेली. उद्देश इतिहासाचा होता, पण पुढे कँटरबरी विद्यापीठात एलिझाबेथ गॉर्डन आणि सहकाऱ्यांनी त्या तबकड्या उच्चारांसाठी ऐकल्या. तिथे जन्मलेल्या पहिल्या पिढीत सगळा गोंधळ. एकाच गावात, एकाच शाळेत वाढलेल्या दोघांची ढब दोन तऱ्हांची. एकाने र स्कॉटिश आईचा उचललेला, पण स्वर शेजारच्या लंडनवाल्याचे. पुढच्या पिढीत मात्र मुलांनी या ढिगातून ज्या लकबी जास्त तोंडी होत्या त्या ठेवल्या, विरळ होत्या त्या टाकल्या, आणि एक नवी, सारखी ढब तयार झाली. कुणी समिती नेमली नव्हती. पोरांनी खेळता खेळता केले.

१७८८ पासून वसू लागलेल्या ऑस्ट्रेलियात हेच आधी घडून गेले होते. म्हणून तर सिडनी आणि पर्थ यांत तीन हजार किलोमीटरहून अधिक अंतर असूनही ढबीत फरक थोडा, आणि इंग्लंडात पन्नास किलोमीटरवर मोठा. जुन्या गावाला वेगळे व्हायला हजार वर्षे मिळाली, नव्या देशाला दोनशे. न्यूझीलंडच्या दक्षिण टोकाला स्कॉटिश लोकांची वस्ती दाट होती, तिथे र अजून ऐकू येतो.

न्यूझीलंडच्या स्वरांची गंमत एस.टी.च्या बाकावरून समजते. तिघांच्या बाकावर कडेने चौथा बसला की पहिला सरकतो, तो दुसऱ्याला ढकलतो, दुसरा तिसऱ्याला. तोंडातही स्वरांना जागा मोजकीच. 'पॅन'मधला स्वर वर सरकला तो 'पेन'सारखा झाला. मग 'पेन' जागा सोडून 'पिन'सारखा झाला. मग 'पिन'मधल्या इ ला जागा उरली नाही, ती मागे सरकून 'पन'च्या जवळ गेली. त्यामुळे ऑस्ट्रेलियाचे लोक शेजाऱ्यांना 'फिश अँड चिप्स'चे 'फश अँड चप्स' करतात म्हणून चिडवतात, आणि न्यूझीलंडवाले उलट म्हणतात की तुम्ही 'फीश अँड चीप्स' खाता. यात बिघाड नाही. बाकावरची सगळी माणसे सरकली, तरी माणसे तेवढीच राहिली आणि कुणी कुणाच्या मांडीवर बसले नाही. अमेरिकेत शिकागो, डेट्रॉइट, क्लीव्हलंड, बफेलो या महासरोवरांकाठच्या शहरांतही विसाव्या शतकात असाच एक बाक सरकला, पण निराळ्या दिशेने. आणि खुद्द इंग्लंडमध्ये १४०० ते १७०० या काळात तर सगळे लांब स्वर सरकले. 'हाउस' त्याआधी 'हूस' होता. स्पेलिंग छापखान्याने त्याच सुमारास गोठवले, म्हणून आपल्या मुलांना ते पाठ करावे लागते. स्कॉटलंडच्या बोलीत 'हूस' आजही आहे.

आता कानाची बाजू, कारण ढब जिभेइतकीच कानात असते. जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांनी कॅनडात इंग्रजी घरांतल्या तान्ह्या मुलांना हिंदीतले ट आणि त ऐकवले. हा निबंध १९८४ चा. सहा ते आठ महिन्यांच्या मुलांना फरक कळत होता. दहा ते बारा महिन्यांच्या बहुतेकांना कळेनासा झाला होता. म्हणजे बाळ सगळ्या जगाचा कान घेऊन येते आणि पाय फुटायच्या आत घरच्या भाषेपुरता ठेवून बाकीचा मिटते. आपल्या मराठीत 'जग' म्हणजे दुनिया आणि 'जग' म्हणजे जिवंत राहा. लिहितो एकच, उच्चार दोन. हिंदी मुलखातल्या पाहुण्याला हा फरक सांगून पाहा. ते बिचारे मन लावून ऐकतात आणि दोन्ही वेळा एकच म्हणतात.

ज्याचा कान मिटतो त्याचे मन मात्र ढबीवरून झटकन निवाडा देते, आणि इथे गंमत संपते. नॉर्वेत १९४१ च्या हवाई हल्ल्यात एका तरुणीच्या डोक्याला बॉम्बचा तुकडा लागला. वाचा गेली, हळूहळू परत आली, पण बोलण्याचा हेल बदलून. मोन्राड-क्रोन या मेंदूतज्ज्ञाने १९४७ मध्ये तिची हकिगत प्रसिद्ध केली. जन्मात देश न सोडलेल्या त्या बाईची ढब ऐकणाऱ्यांना जर्मन वाटे. नॉर्वे तेव्हा जर्मनांच्या ताब्यात. दुकानदार तिला सामान देईनात.

हे युद्धातले झाले. शांततेच्या काळात जॉन बॉ या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञाने सहकाऱ्यांसह सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात भाड्याच्या घरांच्या जाहिराती बघून फोन केले. वाक्य एकच, बोलणारा तोच, ढबी तीन: प्रमाण अमेरिकन, कृष्णवर्णीय अमेरिकन आणि मेक्सिकन वंशाच्या अमेरिकनांची. बॉ स्वतः कृष्णवर्णीय, आणि तिन्ही ढबी त्यांना लहानपणापासून येतात. १९९९ मध्ये निष्कर्ष आले. वुडसाइड या गोऱ्यांच्या श्रीमंत वस्तीत प्रमाण ढबीला १०० पैकी सुमारे ७० वेळा 'या, घर बघून जा' असे उत्तर मिळाले, कृष्णवर्णीय ढबीला ३० पेक्षाही कमी, आणि मेक्सिकन ढबीला सुमारे २२. तोंड कुणी पाहिले नव्हते. दार फोनवरच बंद झाले. आणि लक्षात घ्या, यात परदेशी कुणीच नव्हते. तिन्ही ढबी अमेरिकेत जन्मलेल्यांच्याच.

माझ्याकडे खानापूर तालुक्यातली एक मुलगी डोकेदुखी आणि छातीतल्या धडधडीसाठी येत असे. बेंगळुरूच्या एका कंपनीत फोनवर बोलण्याचे काम होते. प्रशिक्षणात तिच्या 'थ' आणि 'द' वरून सगळ्यांसमोर नक्कल झाली होती, तेव्हापासून फोन वाजला की तिला घाम फुटे. औषध दिले ते दिले, पण तिला मी डब्लिनच्या लोकांचे बोलणे ऐकवले. आयर्लंडमध्ये 'थिन' आणि 'देन' हे शब्द अनेकजण जवळजवळ आपल्यासारखेच, जीभ दातांना टेकवून म्हणतात. लंडनच्या पूर्व भागात तर 'थ्री'चा 'फ्री' होतो. आपला सरळ ए आणि ओ, जो लंडनचा माणूस 'एइ' आणि 'अउ' असा वळवतो, तो स्कॉटलंड आणि उत्तर इंग्लंडमध्ये आपल्याइतकाच सरळ आहे. आपला र स्कॉटलंडला आणि आयर्लंडला चालतो. उरतो तो आपला मूर्धन्य ट आणि ड. तो मात्र आपला, इथल्या मातीचा.

शिवाय 'मातृभाषा इंग्रजी' म्हणजे गोरा माणूस, हेही आता धरून चालत नाही. जमैकाची ढब आहे, सिंगापूरची आहे. भारतात २०११ च्या जनगणनेत इंग्रजी ही मातृभाषा सांगणारे अडीच लाखांहून अधिक निघाले. अँग्लो-इंडियन घरांत तर ती कित्येक पिढ्यांची. त्यांची ढब कुणी कुणाकडून शिकवून घ्यायची?

मग मुलीला काय शिकवावे, असे पालक विचारतात, आणि तो प्रश्न रास्त आहे, कारण समोरच्याला कळले पाहिजे. माझा हिशेब सरळ आहे. इंग्रजीच्या घरातच ज्यावर एकमत नाही, त्यासाठी फी भरू नये. र, बाथचा आ, थ, ओ हे सोडून द्यावे. ज्यावर लंडन, डब्लिन, शिकागो आणि सिडनी यांचे एकमत आहे, तेवढे मात्र घोटावे. 'शिप' आणि 'शीप' यांत सगळेच फरक करतात. 'वाइन' ओठ गोल करून आणि 'व्हाइन' म्हणजे वेल, वरचे दात खालच्या ओठाला लावून, हाही फरक सगळे पाळतात. आपल्या एका व मध्ये दोन्ही बुडून जातात. आणि आघात. 'फोटोग्राफ' म्हणताना जोर पहिल्या अक्षरावर, 'फोटोग्राफर' म्हणताना दुसऱ्यावर, आणि 'हॉटेल'मध्येही दुसऱ्यावर. मराठीत शब्दाच्या आघातावर अर्थ बदलत नाही, म्हणून आपले तिकडे लक्ष जात नाही, आणि फोनवर पलीकडचा माणूस अडतो तो बहुतेक वेळा इथेच. खानापूरच्या त्या मुलीने असे शंभरेक शब्द वहीत लिहून जोराच्या अक्षराखाली रेघ ओढली आहे. थ तिने तसाच ठेवला आहे.